बेटाने आपली गोष्ट सांगितली

मंडळी, गावाचे गाऱ्हाणे सांगायचे असले की आपण काय करतो? अर्ज लिहितो. अंगठे, सह्या घेतो. अर्ज तालुक्याला नेऊन देतो. कधी काम होते, कधी अर्ज फायलीतच पडून राहतो. अर्ज लिहिणारा एक, आणि दुःख भोगणारे दुसरे. पाणी भरणारी बाई, शेतमजूर, म्हातारी आजी यांचे बोलणे साहेबापर्यंत पोचत नाही. पुष्कळदा ते शेजारच्या आळीतही पोचत नाही.

या धड्यात आम्ही एका बेटाची खरी हकिगत सांगणार आहोत. तिथल्या माणसांनी आपली गोष्ट आपल्याच तोंडाने सांगितली. ती आधी एकमेकांना ऐकवली, मग सरकारला ऐकवली.

गाव उठवायचा बेत

अमेरिकेच्या उत्तरेला कॅनडा नावाचा देश आहे. त्या देशाच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलंड हा मुलूख. त्याच्या किनाऱ्यापासून जवळ समुद्रात फोगो नावाचे बेट आहे. थंडीत तिथे भोवतीच्या समुद्रात बर्फ साचते. माणसांचा धंदा मासेमारीचा. कॉड नावाचा मासा धरायचा, खारवायचा, वाळवायचा आणि व्यापाऱ्याला द्यायचा. व्यापारी उधारीवर धान्यसामान देई आणि बदल्यात मासळी घेई. उधारी फिटता फिटत नसे. आपल्याला ही रीत काही नवी नाही.

१९६७ साली बेटावर दहाएक लहान गावे होती. वस्ती सुमारे ५,००० होती. होड्या लहान, मासळी कमी मिळू लागलेली. पुष्कळ कुटुंबे सरकारी मदतीवर जगत होती. त्या मुलखात तेव्हा सरकारची एक योजना चालू होती. दूरदूरची लहान गावे उठवायची आणि माणसांना मोठ्या गावी नेऊन वसवायचे. फोगोच्या लोकांनाही हीच धास्ती होती. धरणासाठी गाव उठते तेव्हा काय होते, हे आपल्याकडे कोयनाकाठच्या माणसांना विचारावे.

बेटाचे सारे लोक एकमुखाने बोलले असते तर गोष्ट वेगळी. पण तसे नव्हते. गावागावांत दुरावा होता. ख्रिस्ती धर्माचे वेगवेगळे पंथ होते आणि त्यांच्या शाळाही वेगळ्या होत्या. सुधारणेसाठी एक समिती काम करीत होती, पण सारे बेट तिच्यामागे उभे राहिले नव्हते.

कॅमेरा आला

त्या मुलखात मेमोरियल नावाचे विद्यापीठ आहे. तिथे डॉन स्नोडन नावाचे गृहस्थ विस्तार विभागाचे काम पाहत. त्यांचे मत असे की, खेड्याची गरिबी नुसती पैशाची नसते. एकाची खबर दुसऱ्याला नसणे, आपले म्हणणे कुणी न ऐकणे, हीसुद्धा गरिबीच. कॅनडा सरकारचे एक फिल्म मंडळ आहे. त्या मंडळाचे कॉलिन लो हे दिग्दर्शक १९६७ साली बेटावर आले.

एरवी शहरातून माणसे येतात, चित्रे घेतात आणि निघून जातात. मग त्यांचे त्यांनी काय केले ते आपल्याला कळत नाही. इथे रीत निराळी होती. चित्र घेण्याआधी माणसाला विचारले जाई. चित्र तयार झाले की आधी त्यालाच दाखवले जाई. एखादे बोलणे नको वाटले तर ते काढून टाकायचा हक्क त्याचा. चित्रे लहान लहान होती आणि संख्येने वीसच्या वर होती. एकात एक कोळी पोट भरत नाही म्हणून बेट सोडून जातो, त्याची कहाणी. एकात लग्नाचा सोहळा, एकात मुलांचे खेळ. दुःख दाखवले तसे सुखही दाखवले.

मग ती चित्रे गावोगाव दाखवली. लोक दाटीने बसून पाहू लागले. आणि पाहता पाहता एक गोष्ट घडली. या गावचा कोळी काय सांगतो ते त्या गावच्या कोळ्याने ऐकले. 'अरे, हे तर आमचेच रडगाणे!' असे प्रत्येकाला वाटले. समोरासमोर बोलायला जड जाणारी गोष्ट पडद्यावरून ऐकणे सोपे गेले. चित्र संपले की चर्चा सुरू होई. खरे काम त्या चर्चेने केले.

पुढे लोकांच्या संमतीने ही चित्रे सरकारातल्या मंडळींना दाखवली. मासेमारी खात्याच्या मंत्र्यांनी आपले उत्तरही चित्रातूनच दिले. ते उत्तर बेटावर आणून लोकांना दाखवले गेले. साहेबाला गावात यायला सवड नसली तरी बोलणे दोन्ही बाजूंनी झाले.

मग काय झाले?

बेटकऱ्यांनी सहकारी संस्था काढली. मोठ्या होड्या बांधायला घेतल्या. खोल समुद्रात जाता येऊ लागले. व्यापारी धंदा सोडून गेले तेव्हा मासळीचे काम संस्थेने हाती घेतले. पुढे साऱ्या पंथांच्या मुलांसाठी मिळून एक शाळा झाली. १९९२ साली सरकारने त्या किनाऱ्यावर कॉडची मासेमारी बंद केली. तेव्हाही संस्था मोडली नाही. तिने खेकडे आणि कोळंबी यांवर धंदा सावरला. वस्ती आज निम्म्याहून कमी आहे, पण बेट उठले नाही. संस्था अजून चालते.

नुसत्या चित्रांनी हे झाले का? नाही. चित्राने होडी बांधली जात नाही. होडी माणसांनी बांधली. चित्राने माणसे एकमेकांना दिसली, एवढेच. पण तेवढे आधी व्हावे लागते.

आपल्याजवळचे उदाहरण

तेलंगणात झहीराबादजवळ पस्तापूर नावाचे गाव आहे. तिथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेच्या गरीब दलित बाया कॅमेरा चालवायला शिकल्या. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती. वरून किंवा खालून घेतलेल्या चित्रांना त्यांनी पटेल आणि गुलाम यांची नावे दिली. डोळ्याला डोळा भिडेल अशा चित्राला नाव दिले 'संघम शॉट'. संघमात सगळ्या जमिनीवर सारख्या बसतात ना, म्हणून! वरंगळकडे शेतकऱ्यांनी बीटी कापूस लावला, तेव्हा या बायांनी शेतावर जाऊन त्यांचे अनुभव टिपले.

आपण कसे करावे?

आज पुष्कळांच्या हातात कॅमेऱ्याचा मोबाईल आहे. मात्र पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

१. आधी चारजणांनी बसून ठरवा, कोणता प्रश्न मांडायचा.
२. ज्याचे चित्र घ्यायचे त्याची परवानगी घ्या. मुलाचे असेल तर आईबापांनाही विचारा.
३. सभेत जे गप्प बसतात त्यांना आधी बोलू द्या. सासरे-दीर समोर असले की सून बोलत नाही. तिला तिच्या घरी, तिच्या वेळेला विचारा.
४. तयार चित्र प्रथम तिलाच दाखवा. ती 'नको' म्हणाली तर पुसून टाका.
५. मग आळीत दाखवा, चर्चा करा. तोडगा काय ते ठरवा. कचेरीत त्यानंतर जा.
६. मोबाईलवरून पाठवलेले चित्र परत घेता येत नाही. म्हणून पाठवण्याआधी दोनदा विचार करा.

लिहिता-वाचता येऊ लागले म्हणजे अर्ज आपला आपल्याला लिहिता येतो. तो जरूर लिहा. त्याच्या जोडीला आपले बोलणेही पोचू द्या.

विचार करा

१. फोगोची चित्रे आधी कोणाला दाखवली? का?
२. 'संघम शॉट' म्हणजे काय?
३. तुमच्या गावात कोणाचे म्हणणे सभेत कधीच ऐकू येत नाही? ते ऐकण्यासाठी तुम्ही काय कराल?