बाळंतपणानंतरचे नैराश्य

प्रसूतीनंतरच्या पहिल्या आठवड्यात पुष्कळ बाळंतिणींना कारण नसता रडू येते, जीव हुरहुरतो. ही अवस्था बहुधा दोन आठवड्यांच्या आत आपोआप निवळते. नैराश्य हा याहून वेगळा आजार होय. त्यात खिन्नता आठवडेच्या आठवडे टिकते. बाळ झोपले असतानाही आईला झोप लागत नाही. आपण आई होण्यास नालायक आहोत असे तिला वाटू लागते, आणि कधी जीव देण्याचा विचारही मनात येतो.

या आजाराचे एक मूळ शरीरात आहे. गर्भारपणात इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरोन या संप्रेरकांचे रक्तातील प्रमाण कितीतरी पटींनी वाढते आणि वार पडल्यावर ते थोड्याच दिवसांत खाली येते. परंतु हा उतार तर प्रत्येक बाळंतिणीच्या वाट्याला येतो; मग काही जणीच आजारी का पडतात? २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, गर्भवती नसलेल्या १६ स्त्रियांना ही संप्रेरके काही आठवडे देऊन मग एकाएकी थांबवण्यात आली. पूर्वी बाळंतपणानंतर नैराश्य आलेल्या ८ जणींपैकी ५ जणींची मनःस्थिती पुन्हा ढासळली. तसा पूर्वेतिहास नसलेल्या ८ जणींपैकी एकीलाही त्रास झाला नाही. प्रयोग लहान असला, तरी संप्रेरकांच्या उतारापेक्षा तो सोसणाऱ्या प्रकृतीतील भेद महत्त्वाचा असावा, असे त्यावरून दिसते.

प्रकृतीइतकाच परिस्थितीचाही भार असतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या गोव्यातील पाहणीत, प्रसूतीनंतर ६ ते ८ आठवड्यांनी तपासलेल्या मातांपैकी २३ टक्के मातांना नैराश्य असल्याचे आढळले. दारिद्र्य आणि पतीशी बिघडलेले संबंध ही त्यामागची ठळक कारणे होती. मुलगी झाली असेल, तर मारहाण व उपासमार यांचे परिणाम अधिकच तीव्र होत. विशेष म्हणजे, या आजारी मातांपैकी ७८ टक्के मातांचे मन गर्भारपणातच अस्वस्थ होते.

यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. आजाराची चाहूल प्रसूतीपूर्वीच लागू शकते. म्हणून गर्भवतीचे वजन व रक्तदाब पाहताना तिच्या मनाचीही विचारपूस व्हावयास हवी. १९८७ साली एडिंबरो येथील संशोधकांनी बाळंतपणानंतरचे नैराश्य ओळखण्यासाठी अवघ्या १० प्रश्नांची प्रश्नावली सिद्ध केली. समुपदेशन व औषधे यांनी हा आजार बरा होऊ शकतो. बाळंतिणीला दोष देत बसल्याने मात्र तो लपून राहतो आणि बळावतो.