पावसाळी गटार आणि बुटके यंत्र

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीने हैदराबाद बुडविले, तेव्हा अभियंते विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले. पुढे उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) बांधले गेले आणि नदीला वेसण बसली. परंतु गल्लीत पडणाऱ्या पावसाचे काय? ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीने हा प्रश्न शहराला पुन्हा विचारला. आमच्या हिमायतनगराजवळून हुसेनसागराच्या सांडव्याचा नाला मुसीकडे जातो. पण तेथवर पाणी नेणारे नळ घालावयाचे ते दाट वस्तीच्या चिंचोळ्या वाटांतून.

तेथे मोठे यंत्र वळत नाही. बुटका लोडर वळतो. त्याचा पहिला नमुना सिरिल व लुई केलर या बंधूंनी १९५७ च्या सुमारास अमेरिकेत केला, आणि तोही टर्की पक्ष्यांच्या गोठ्यातील घाण काढण्यासाठी! आजच्या यंत्राची एका बाजूची चाके पुढे व दुसऱ्या बाजूची मागे फिरविली, की ते भोवऱ्याप्रमाणे जागीच फिरते. तोंडाशी अवजार बदलावे: चर खणण्यास खोदाईचा हात, मुरूम वाहण्यास बकेट, नळ उचलण्यास काटे.

पण नळ उचलण्यापूर्वी गणित करावे. आतील व्यास ६० सें.मी., जाडी ७.५ सें.मी. व लांबी २.५ मीटर असलेल्या नळात सुमारे ०.४ घनमीटर काँक्रीट असते. घनमीटरला २४०० किलो धरल्यास वजन साडेनऊशे किलोंच्या घरात जाते. (विद्यार्थ्यांनी पडताळून पाहावे.) चाकांचा लोडर ज्या भाराने पुढे कलंडतो, त्याच्या निम्माच भार त्याने उचलावा, असा संकेत आहे. म्हणजे १६०० किलोंना कलंडणाऱ्या यंत्राची मर्यादा ८००. हा नळ त्याच्यासाठी नव्हे. मुकादम घाईत असला तरी हे बदलत नाही, आणि लोंबत्या नळाखाली कोणी उभे राहू नये, हेही नाही.

नळ खालच्या टोकाकडून वर घालीत जावेत. उतार २०० स एक असेल, तर १०० मीटरांत तळ ५० सें.मी. उतरला पाहिजे, मध्ये एकच नळ खचला तरी तेथे गाळ साचतो. चर दीड मीटरहून खोल गेली, की बाजूंना फळ्यांचा आधार हवाच. ढासळलेली माती माणसाला श्वास घेण्यास अवधी देत नाही, आणि काठाशी उभे केलेले यंत्र तिला अधिकच ढकलते.

भराव थराथराने करावा. वरचे थर यंत्राने दाबता येतात. नळाच्या दोन्ही कुशींतील मुरूम मात्र अजूनही हातातील धुम्मसानेच ठोकावा लागतो.