पायावरच्या शिरा

तुम्ही आपली पोटरी कधी नीट पाहिली आहे का? काहींच्या पायावर निळ्या-तांबड्या बारीक रेषा दिसतात, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. काहींच्या पायावर जाड, फुगलेल्या, वाकड्यातिकड्या शिरा दिसतात.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक मावशी येतात. त्या खानावळीत दिवसभर उभ्याने पोळ्या लाटतात. त्यांच्या पायावर अशा बारीक रेषा आहेत. एकदा त्यांनी विचारले, "गुरुजी, लेसरनं शिरा जातात म्हणे. बांगडी मोडू का?"

आम्ही म्हणालो, "मावशी, आधी समजून घेऊ. मग ठरवा."

पायातले रक्त वर हृदयाकडे परत जाते. शिरांच्या आत लहान झडपा असतात. हातपंपात असते तशी ही झडप. ती रक्त वर जाऊ देते, खाली येऊ देत नाही. आपण चालतो तेव्हा पोटरी आवळते आणि रक्त वर ढकलते. वयाने, बाळंतपणाने, फार वेळ उभे राहिल्याने झडपा सैल पडतात. काही घरांत हे पिढीजात असते. मग रक्त खाली साचते. शीर फुगते.

लेसर म्हणजे एकाच रंगाचा प्रखर प्रकाश. पहिला लेसर १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी चालवला. हा प्रकाश कातडीवर सोडला की शिरेतले रक्त तो शोषून घेते. शीर तापते आणि मिटते. पुढे काही आठवड्यांत ती पुसट होते. एका वेळेत काम होतेच असे नाही. नव्या रेषाही येऊ शकतात. पायाच्या रेषांना पुष्कळदा सुईचे औषध अधिक चांगले लागू पडते.

आणखी एक गोष्ट. आपल्या सावळ्या कातडीतला रंगही हा प्रकाश शोषतो. त्यामुळे भाजण्याची व डाग पडण्याची भीती असते. म्हणून हे काम जाणत्या डॉक्टरकडूनच करून घ्यावे. बारीक रेषा बहुधा अपाय करीत नाहीत. त्यांच्यासाठी कर्ज काढू नये.

मावशी जरा थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "आमच्या ह्यांच्या पायावर जाड गाठी आहेत. घोटा काळा पडलाय. दोन महिने जखम भरत नाही."

"मावशी, आधी त्यांना दाखवा!" आम्ही म्हणालो.

जाड शिरांची तपासणी सोनोग्राफीने करतात. गरज पडल्यास पाय बधिर करून शिरेच्या आत बारीक तार घालतात. तारेतून लेसर सोडून ती शीर आतून बंद करतात. रोगी बहुधा त्याच दिवशी चालू लागतो. रक्त दुसऱ्या चांगल्या शिरांतून वर जाते.

लक्षात ठेवा:
फुगलेल्या शिरेतून रक्त वाहू लागले तर आडवे व्हा. पाय उंच करा. स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरा आणि डॉक्टरला बोलवा.
एकच पाय एकाएकी सुजला, दुखू लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.
शिरेवर डाग देऊ नका.

मावशींनी बांगडी मोडली नाही. दुसऱ्या दिवशी त्या नवऱ्याला घेऊन सरकारी दवाखान्यात गेल्या. अर्जावर त्याचे नाव त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले.

उत्तरे द्या:
१. शिरेतली झडप काय करते?
२. मावशींनी आधी कोणाला दवाखान्यात नेले? का?