दुसऱ्या कंपनीचा ऑइल फिल्टर चालेल का?

ट्रॅक्टर, पिकअपचं ऑइल बदलताना बरेच सभासद हे विचारतात.

चालतो, पण नुसतं नाव किंवा भाव बघून घेऊ नका. आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला असं नाही. हलका कागद लवकर चोक होतो. मग बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल थेट बेअरिंगला जातं. इंजिन चालूच राहतं, म्हणून झीज कळत नाही.

✅ घेताना: पार्ट नंबर आपल्या मॉडेलशी जुळवा. पॅकिंग सीलबंद हवं. पक्कं बिल घ्या.

✅ आट्यांचा फिल्टर बसवताना: जुनी रबर रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना, बघा. नव्या रिंगला ऑइलचं बोट फिरवा. रिंग टेकल्यावर फिल्टरवर लिहिलंय तेवढंच, साधारण पाऊण फेरा, हाताने आवळा. पान्याने नको.

✅ नंतर: इंजिन चालू करून गळती बघा. बंद करून थोड्या वेळाने डिपस्टिक तपासा.

⚠️ ऑइलचा लाल दिवा विझला नाही तर इंजिन लगेच बंद करा, मिस्त्रीला बोलवा. फिल्टरचा खर्च शेकड्यात, इंजिनच्या कामाचा हजारांत. आणि ऐन पेरणीत ट्रॅक्टर उभा राहिला तर वापसा थांबत नाही.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी