जाताना साडेपाच तास, येताना पंचवीस?

प्रश्न : मुलगा जानेवारीत न्यूयॉर्कला जाणार आहे. तिकिटानुसार विमान मुंबईहून रात्री १.३० ला निघते आणि त्याच दिवशी सकाळी ७ ला पोहोचते. परतीचे विमान दुपारी १२ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १ ला इथे येते. अंतर तेच, मग वेळेत एवढा फरक कसा? आमचे शेजारी म्हणतात, पृथ्वी फिरते म्हणून. शिवाय न्यूयॉर्क पश्चिमेला असताना विमान उत्तरेकडे कशाला जाते?

उत्तर : तिकीट खरे आहे, फक्त त्यावरच्या वेळा दोन वेगवेगळ्या घड्याळांतल्या आहेत. प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते (उन्हाळ्यात साडेनऊ). म्हणून जातानाच्या साडेपाच तासांत साडेदहा मिळवा : १६ तास. येतानाच्या पंचवीसातून तेवढेच वजा करा : साडेचौदा. दोन्ही प्रवासांची बेरीज आधीही साडेतीस होती, आताही साडेतीसच आहे. घड्याळे एका बाजूने जे घेतात ते दुसऱ्या बाजूने परत करतात.

उरला दीड तास. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मुंबईच्या अक्षांशावर ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने. विमान हवेत असताना ती खालून सरकत असती, तर न्यूयॉर्क आपणहून विमानाच्या दिशेने आले असते आणि जाण्यालाच कमी वेळ लागला असता. घडते नेमके उलट. कारण जमिनीबरोबर हवाही फिरते आणि विमानही. धावत्या एसटीत वर उडवलेले नाणे आपल्याच तळहातावर पडते, तसेच हे.

दीड तासाचा खरा धनी वारा. जमिनीपासून ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतात; हिवाळ्यात त्यांचा वेग कधी कधी ताशी ३०० किलोमीटरच्याही वर जातो. येताना हा वारा पाठीशी असतो, जाताना तोंडावर. फेब्रुवारी २०२० मध्ये अशाच वाऱ्यावर स्वार होऊन एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोहोचले होते. आता शेजाऱ्यांची बाजू : विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या तापमानातल्या फरकामुळे हवा ध्रुवाकडे निघते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेला वळते. म्हणजे पृथ्वीचा हात आहे, पण वाऱ्यामार्फत. हे वारे १९२० च्या दशकात फुगे सोडून मोजणारे जपानी शास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी आपला अहवाल एस्पेरांतो या जगासाठी मुद्दाम घडवलेल्या भाषेत छापला. जगाने वाचावा म्हणून! तो फारसा कोणी वाचलाच नाही.

राहिली उत्तरेची वाट. सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती अरबस्तान, इजिप्त, मोरोक्को अशी जाते आणि सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहा. तो रशिया, नॉर्वे, आइसलंडजवळून जातो आणि अंतर होते सुमारे १२,५०० किलोमीटर. आडवळणाची वाटणारी वाटच सरळ आहे.

अर्थात विमान दोऱ्याला बांधलेले नसते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा वळसे घ्यावे लागले. आणि जाताना समोरचा वारा चुकवण्यासाठी थोडे लांबून जाणेही वेळेच्या हिशेबात परवडते. त्यामुळे जातानाची आणि येतानाची रेघ मुलाच्या समोरच्या पडद्यावर वेगवेगळी दिसली, तर वैमानिक वाट चुकला असे समजू नये.