तुसाची राख

नेरळ हे माथेरानच्या पायथ्याशी वसलेले भातशेतीचे गाव. उन्हाळ्यात येथील शेतकरी खाचराच्या कोपऱ्यात पालापाचोळा व शेण पसरून राब भाजतो. मृगाच्या सरी येताच तेथे भात पेरतो. थोड्याच दिवसांत हिरवे कोंब वर येतात.

कोवळ्या रोपाची मुळे रात्रंदिवस पाणी शोषीत असतात. पाण्याबरोबर अन्न येते, तसे विषही येऊ शकते. खाणींच्या व कारखान्यांच्या सांडपाण्यातून शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू नदीत उतरतात आणि तिच्या पाण्याबरोबर शेतात शिरतात. मग मुळे खुंटतात, पाने पिवळी पडतात. पुढे तेच विष दाण्यातही उतरते.

जपानात जिंझू नदीच्या काठी असेच घडले. खाणीतील कॅडमियम नदीवाटे भातशेतात पसरले. तो भात खाऊन व ते पाणी पिऊन अनेकांची हाडे ठिसूळ झाली. रोगी ‘इताई, इताई’ म्हणजे ‘दुखते, दुखते’ असे कण्हत. तेच त्या रोगाचे नाव पडले. कॅडमियम हेच त्याचे कारण होय, हे जपान सरकारने १९६८ साली मान्य केले.

मग रोपाचे रक्षण कशाने करावे? एक साधा उपाय भाताच्या गिरणीपाशीच आहे. भात भरडले की तूस उरते. तुसाच्या राखेत सिलिका, म्हणजे वाळूत असणारे द्रव्य, विपुल असते. राख वाफ्यात मिसळली, की ही सिलिका रोपात जाऊन पेशींच्या भिंती बळकट करते. त्यामुळे विषारी धातू बराचसा मुळांतच अडतो. कुजलेले शेणखतही मातीतील धातूंना धरून ठेवते. रोपे सशक्त व्हावीत म्हणून कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांच्या ‘चारसूत्री’ भातशेतीत वाफ्याच्या दर चौरस मीटरला अर्धा ते १ किलो काळी राख मिसळण्यास सांगितले आहे.

परंतु राख ही केवळ ढाल आहे. ढालीने वार अडतो, शत्रू नाहीसा होत नाही. मातीत एकदा मुरलेला धातू सहजासहजी निघत नाही. म्हणून नेरळजवळून वाहणाऱ्या उल्हास नदीसारख्या नद्यांचे पाणी निर्मळ राखणे, हेच रोपाचे आणि आपलेही खरे रक्षण होय.

स्वाध्याय
१. जड धातू शेतात कसे येतात?
२. तुसाची राख रोपाला कशी उपयोगी पडते?
३. लेखकाने राखेला ‘ढाल’ का म्हटले आहे?