मोटार घेऊ पाहणाऱ्या भाचीस

पुणे, पाडव्याआधीचा रविवार

चि. भाचीस मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा आखीव तक्ता पोहोचला. डावीकडे मोटारींची नावे, त्यांपुढे एका लिटरमागे किती किलोमीटर धावेल त्याचे आकडे, आणि ज्या गाडीचा आकडा सर्वांत मोठा तिच्याभोवती तांबड्या शाईचे वर्तुळ, अशी ती मांडणी पाहून तुझ्या काटकसरीचे कौतुक वाटले. परंतु पाडव्याला गाडी दारात येण्यापूर्वी त्या वर्तुळाविषयी काही मजकूर तुझ्या कानांवर घालणे हे मामा या नात्याने, आणि उमेदीची सारी वर्षे चिंचवडच्या कारखान्यांत यंत्रांच्या सहवासात घालविलेला मनुष्य या नात्यानेही, मी माझे कर्तव्य समजतो.

हा ॲव्हरेजचा आकडा कोठून येतो ते प्रथम पाहा. कोथरूडच्या तुमच्या गच्चीवरून जी वेताळ टेकडी दिसते, तिच्यावरच 1966 साली स्थापन झालेली एआरएआय ही मोटारींची परीक्षा घेणारी संस्था आहे, आणि शोरूममधील मंडळी ज्याला ‘एआरएआयचे ॲव्हरेज’ म्हणतात ते तिच्याच नावाने ओळखले जाते. या परीक्षेत गाडीची चालती चाके लोखंडी रुळांवर ठेवतात; गाडी जागची हलत नाही, रूळ तेवढे फिरतात, आणि रस्त्यावर वाऱ्याचा व घर्षणाचा जो विरोध व्हावयाचा तो रुळांवरच कृत्रिम रीतीने लादलेला असतो. चालकापुढच्या पडद्यावर वेगाची एक रेघ सरकत असते, तिच्याबरहुकूम तो वेग वाढवितो, उतरवितो, क्षणभर थांबतो. अवघ्या वीस मिनिटांत, दहा-अकरा किलोमीटरांत हा प्रवास आटोपतो, वेग ताशी 90 किलोमीटरांपलीकडे जात नाही, एसी बंद असतो, आणि जळालेले पेट्रोल सायलेन्सरमधून निघालेल्या वायूंतील कार्बनच्या हिशेबाने ठरविले जाते. यात लबाडी काही नाही. सर्व गाड्यांना परीक्षा एकच असल्यामुळे दोन गाड्यांची तुलना करण्यापुरता तो आकडा विश्वसनीयच आहे. मात्र सायंकाळी सहा वाजता मुंगीच्या पावलांनी सरकणारा कर्वे रस्ता, चांदणी चौकाकडे चढत जाणारी वाट, आणि वाकडच्या पुलाखाली मे महिन्याच्या उन्हात एसी लावून पहिल्या गिअरमध्ये काढलेली अर्धी घटका, यांचा त्या परीक्षेच्या अभ्यासक्रमात समावेश नाही. तेव्हा कागदावरच्या आकड्याचा दोन तृतीयांश भाग शहरात पदरात पडला तरी समाधान मानावे, असा माझा अजमास आहे.

आता अंकगणित, जे भल्याभल्या शिकलेल्यांना चकविते. एक गाडी लिटरला 12 किलोमीटर देते आणि दुसरी 15, तर त्या तिनाच्या फरकाकडे तू ढुंकून पाहणार नाहीस. परंतु 20 देणाऱ्या गाडीऐवजी 30 देणारी मिळत असेल तर मात्र दहाच्या फरकाने हरखून जाशील. वर्षाला 10,000 किलोमीटर धरून लिटर मोजून पाहा. पहिल्या जोडीत 833 आणि 667, दुसऱ्या जोडीत 500 आणि 333; बचत दोन्हीकडे तंतोतंत सारखी! म्हणून गाड्या ताडून पाहावयाच्या त्या वर्षाकाठी लागणाऱ्या लिटरांवरून. तुझे म्हणशील तर आठवड्यातले तीन दिवस तू हिंजवडीला कंपनीच्या बसने जातेस, उरलेले दोन दिवस आणि अधूनमधून वाईच्या घरी जाणेयेणे धरून वर्षाचे अंतर 8,000 किलोमीटरांपुढे जाईल असे मला दिसत नाही. प्रत्यक्षात 18 देणाऱ्या गाडीला तेवढ्यासाठी 444 लिटर लागतील, 22 देणाऱ्या गाडीला 364. म्हणजे बचत 80 लिटरांची, आणि लिटरला शंभराच्या वर भाव धरला तरी वर्षाकाठी आठ-नऊ हजार रुपयांची. ती तुच्छ मानावी असे मी म्हणत नाही. परंतु तांबड्या वर्तुळातली गाडी दुसरीपेक्षा लाखभर रुपयांनी महाग आहे असे तूच लिहिले आहेस, आणि ते लाखभर रुपये पेट्रोलच्या बचतीतून वसूल व्हावयास बारा वर्षे लागतील. त्यावरचे व्याज मी हिशेबात धरलेलेही नाही.

शिवाय हे सारे गणित ज्या भावावर उभे असते तो भाव ना तुझ्या हातचा, ना माझ्या. याचा दाखला द्यावयाचा तर आपल्या पिंपरीच्या टेल्कोचाच देतो. 1998च्या जानेवारीत दिल्लीच्या प्रदर्शनात प्रथम दिसलेली आणि त्या वर्षाच्या अखेरीस बाजारात उतरलेली इंडिका हिचा संकल्पच असा होता की बाहेरून ती मारुती झेनएवढी असावी, आत ॲम्बॅसडरसारखी ऐसपैस जागा असावी, किंमत मारुती 800च्या आसपास राहावी आणि खर्च डिझेलचा यावा. त्या काळी डिझेल पेट्रोलच्या मानाने इतके स्वस्त होते की गाडी डिझेलची आहे एवढे सांगितले की हिशेब संपे. पुढे 2010च्या जूनमध्ये पेट्रोलचे आणि 2014च्या ऑक्टोबरमध्ये डिझेलचे भाव सरकारी नियंत्रणातून सुटले, दोहोंतील अंतर आटत गेले, आणि 1 एप्रिल 2020 रोजी बीएस-सहाचे नियम लागू झाल्यावर डिझेलचा धूर शुद्ध करणारी यंत्रणा लहान गाडीवर बसविणे इतके महाग पडू लागले की मारुतीने आपल्या डिझेल गाड्या बंदच केल्या. आज या वर्गात डिझेलची म्हणून जी उरली ती जवळजवळ एकटी अल्ट्रोझ, आणि तीही पुण्याचीच. ज्यांनी केवळ डिझेलच्या भावाकडे पाहून गाडी घेतली त्यांचा हिशेब सरकारी फर्मानांनी फिरविला. ज्यांनी इंडिकाच्या मागच्या आसनावर तिघे जण सुखाने बसतात म्हणून ती घेतली, त्यांची जागा मात्र कोणी हिरावून नेली नाही.

पेट्रोलचेही तसेच. आता पंपावर मिळते त्यात वीस टक्के इथेनॉल असते, आणि समान मापाच्या पेट्रोलहून इथेनॉलमध्ये उष्णता सुमारे एक तृतीयांशाने कमी, म्हणजे ॲव्हरेज थोडे उतरणारच. आपल्या साखर कारखान्यांना त्यातून चार पैसे मिळतात, हाच काय तो दिलासा!

सीएनजीविषयी तू विचारलेस. दर किलोमीटरचा खर्च पाहिला तर तिला तोड नाही, आणि एमएनजीएलचे पंपही शहरात आता पुष्कळ झाले आहेत. तथापि तिचा आकडा किलोमागे सांगतात, लिटरमागे नव्हे, आणि एका किलो सीएनजीत सुमारे दीड लिटर पेट्रोलएवढी उष्णता असते, म्हणून तक्त्यात दोन्ही आकडे एकाच रकान्यात मांडू नकोस. रोज पन्नास-साठ किलोमीटर तुडविणाऱ्याने सीएनजी अवश्य घ्यावी. तुझ्या 8,000 किलोमीटरांसाठी पंपावरच्या रांगेत ताटकळणे, दर तीन वर्षांनी टाकीची चाचणी करवून घेणे आणि डिकी गमावणे, हे तिन्ही सोसण्यात मला स्वारस्य दिसत नाही. टाटांनी मोठ्या टाकीच्या जागी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसविण्याची युक्ती काढली खरी, पण अल्ट्रोझची 345 लिटरांची डिकी त्या प्रकारातही 210 लिटरांवर येते.

डिकीचा विषय निघालाच आहे, तर खरी निवड येथे आहे. 2006च्या अर्थसंकल्पाने लांबी चार मीटरांच्या आत आणि पेट्रोलचे इंजिन 1200 सीसीपर्यंत असलेल्या गाडीवरचा अबकारी कर 24 टक्क्यांवरून 16 वर आणला. 2025च्या घटस्थापनेस, म्हणजे 22 सप्टेंबरला, जीएसटीचे दर बदलले तेव्हाही 18 टक्क्यांच्या सवलतीला पेट्रोलपुरती हीच मर्यादा राहिली. म्हणून या वर्गातील झाडून साऱ्या गाड्या चार मीटरांच्या आत अंग चोरून बसलेल्या असतात, आणि त्या मापात कोणी माणसाला जागा दिली आहे, कोणी सामानाला, तर कोणी नुसत्या दिमाखाला, हे दार उघडून, आत बसून, उठूनच कळते. तुझ्या आजींचे गुडघे आता खोल आसनातून उठू देत नाहीत. वॅगन-आर दिसावयास डब्यासारखी आहे हे तुझे म्हणणे मान्य, पण तिचे आसन उंच आहे आणि डिकी 341 लिटरांची. देखण्या स्विफ्टची 265, बलेनोची 318. वाईहून परतताना तांदळाचे पोते, आंब्यांची पेटी आणि आजींची चाकांची खुर्ची हे सर्व एकदम घालावयाचे, तर मागचे आसन न दुमडता ते मावते काय, हा प्रश्न तुझ्या तक्त्यात कोठेच नाही.

सबब माझी तजवीज अशी की येत्या बुधवारी अर्धी रजा काढ, आजींना आणि त्यांच्या खुर्चीला सोबत घे, आणि टेस्ट ड्राइव्हला शोरूमबाहेरच्या गुळगुळीत रस्त्यावर न जाता गाडी आमच्या सदाशिव पेठेच्या बोळात आण. बोळाच्या तोंडाशी ती एका दमात वळते की दोनदा मागे घ्यावी लागते, दोन्ही बाजूंना स्कूटर लावलेल्या असताना दार किती उघडते, आणि त्या फटीतून आजी कोणाचा हात न धरता उतरतात काय, हे मी दारात उभा राहून पाहतो. विक्रेत्याने घाई केली तर त्याला चहा पाजू. आणि बयाण्याची रक्कम आगाऊ देऊ नकोस; विमा शोरूमचाच घेण्याची सक्ती नसते, तेव्हा बाहेरचे दरपत्रक आणून ठेव, म्हणजे ‘ऑन रोड’ किमतीची घासाघीस करावयास आपल्या हाती काही तरी राहील.

आजींस साष्टांग नमस्कार, तुझ्या आईस आशीर्वाद. बुधवारी दुपारी जेवावयासच या, मामी वाट पाहील.

तुझा,
मामा